गेलेलं पॅकेट परत कुणी आणायचं?

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: लिनक्स किंवा बीएसडीवर हाताने टाकलेले रूट, म्हणजे कोणत्या पत्त्याची पॅकेट कोणत्या वाटेने पाठवायची ते सांगणाऱ्या ओळी. म्हणून हा अख्खा स्तंभ त्यालाच देतेय. कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. पत्ते वाचकांनी पाठवले तसे न छापता खासगी पट्ट्यांतले घातलेत, म्हणजे १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेट दस्तऐवजानुसार हे पत्ते कुणीही आपल्या आतल्या नेटवर्कमध्ये वापरू शकतं, त्यामुळे कुणाचं काही उघड्यावर येत नाही. पत्त्यापुढचा /२४ किंवा /१६ म्हणजे मास्क: पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे, ते सांगणारा आकडा.

ताई, आमच्या ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, माझं लिनक्स मशीन १९२.१६८.१.२०. शेजारी लॅबचं नेटवर्क १०.२०.०.०/१६. मधे एक जुना पीसी राउटर म्हणून बसवलाय. त्याचं एक कार्ड आमच्याकडे, १९२.१६८.१.२५४, आणि दुसरं लॅबमध्ये, १०.२०.०.१. मी ‘आयपी रूट अ‍ॅड १०.२०.०.०/१६ व्हाया १९२.१६८.१.२५४’ दिलं. टेबलमध्ये रूट व्यवस्थित दिसतो, तरी लॅबमधल्या १०.२०.५.७ ला पिंग जात नाही. रूट काढून पुन्हा टाकला, मशीन रीबूट केलं, केबलही बदलली. लॅबचं इंटरनेट वेगळं आहे, पण त्याचा इथे संबंध नसावा.
*— केबल बदलून दमलेला*

संबंध तिथेच आहे. पण पायरीपायरीने जाऊ, कारण पुढच्या वेळी लॅब वेगळी असेल आणि पायऱ्या याच असतील.

पिंग जात नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? उत्तर आलं नाही, यावरून. पॅकेट तुमच्या मशीनमधून निघालंच नाही, मधल्या पीसीत अडकलं, लॅबपर्यंत पोचून तिथेच राहिलं किंवा उत्तर निघून वाटेत हरवलं, या चारही प्रकारांत तुमच्या स्क्रीनवर तीच शांतता दिसते. केबल बदलल्याने यातला एकही प्रकार वगळला जात नाही.

आधी आपल्याच कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, विचारा: ‘आयपी रूट गेट १०.२०.५.७’. ही कमांड एकही पॅकेट पाठवत नाही. या पत्त्यासाठी कर्नल कोणता गेटवे (पॅकेट पुढे नेणारा राउटर), कोणतं कार्ड आणि स्वतःचा कोणता पत्ता वापरेल, ते एका ओळीत सांगते. बीएसडी आणि मॅकवर हेच ‘रूट मायनस एन गेट’ असं विचारतात. टेबल डोळ्यांनी वाचून अंदाज बांधण्यापेक्षा हे कधीही बरं. टेबलात वीस ओळी झाल्या की माणूस आपल्याला हवी तीच ओळ वाचतो. उत्तरात १९२.१६८.१.२५४ आलं, तर तुमच्या मशीनचं काम संपलं. त्याला पुन्हा हात लावू नका.

मग मधल्या पीसीवर बसा आणि दोन्ही कार्डांवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड, लावा. तुमच्या बाजूच्या कार्डावर पॅकेट येताना दिसतं पण लॅबच्या कार्डातून बाहेर पडत नाही, असं असेल तर पहिला संशय फॉरवर्डिंगवर, म्हणजे एका कार्डावरचं पॅकेट दुसऱ्यातून पुढे पाठवण्यावर. दोन कार्डं बसवली म्हणून लिनक्स आपोआप राउटर होत नाही, ‘नेट.आयपीव्हीफोर.आयपी_फॉरवर्ड’ एक करावं लागतं. दुसरा संशय त्या पीसीच्या फायरवॉलवर.

आता तुमच्या पत्रावरून मला वाटतं तो प्रकार. पॅकेट लॅबच्या कार्डातून बाहेर पडतं, १०.२०.५.७ ला मिळतंही. त्या मशीनला १९२.१६८.१.२० ला उत्तर द्यायचंय. ते स्वतःचं टेबल बघतं. १०.२० वालं नेटवर्क थेट जोडलेलं, बाकी सगळं डिफॉल्ट गेटवेकडे. लॅबचं इंटरनेट वेगळं, म्हणजे त्यांचा डिफॉल्ट गेटवे तुमचा पीसी नाही, दुसराच कुणीतरी आहे, त्याला १०.२०.०.२ म्हणू. उत्तर त्याच्याकडे गेलं. त्याला तुमच्या ऑफिसची काहीच माहिती नाही, म्हणून त्याने ते इंटरनेटच्या दिशेला ढकललं. बाहेर खासगी पत्त्याला कुणी विचारत नाही. तिथे ते संपलं.

तुम्ही टाकलेला रूट हा फक्त जाण्याचा आहे. येण्याचा रूट समोरच्या बाजूला, समोरच्याच्या टेबलात असावा लागतो, आणि तो टाकायला समोरच्या माणसाशी बोलावं लागतं. या कामातला अवघड भाग हाच, म्हणून बहुतेक लोक तो टाळून केबल बदलतात.

सोपा दिसणारा उपाय असा, की १०.२०.०.२ वर एक ओळ टाकायची: १९२.१६८.१.०/२४ साठी १०.२०.०.१ कडे जा. करून बघा, काही ठिकाणी चालतं. पण १०.२०.०.२ वर जोडण्यांची नोंद ठेवणारी फायरवॉल असेल तर गंमत होते. तुमची विनंती १०.२०.०.१ वरून थेट लॅबच्या मशीनला गेली. ती या फायरवॉलने पाहिलीच नाही. तिला दिसतं ते फक्त उत्तर. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला संशयास्पद वाटतं आणि ती ते टाकून देते. बिचारीचं चुकतं असंही नाही.

म्हणून मी येण्याचा रूट थेट लॅबच्या मशीनवर पोचवते, आणि तोही डीएचसीपीतून, म्हणजे मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतून. त्यासाठी १२१ नंबरचा ऑप्शन आहे, २००२ च्या आरएफसी ३४४२ मधला. सर्व्हरवर एकदा लिहिलं की पत्ता घेणारं प्रत्येक मशीन रूटही घेऊन जातं. यात एक खाच आहे आणि तिच्यात पडलेले लोक मला नेहमी भेटतात. १२१ मिळाला की क्लायंटने नेहमीचा ३ नंबरचा, म्हणजे गेटवेचा ऑप्शन सोडून द्यायचा, असं ते मानक सांगतं. तेव्हा १२१ मध्ये तुमच्या रूटबरोबर डिफॉल्ट रूटही लिहा. नाहीतर लॅबला तुमचं ऑफिस मिळेल आणि इंटरनेट जाईल, आणि मग लॅबवाले तुमच्याशी बोलायला स्वतःहून येतील.

तिसरा मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेलच: मधल्या पीसीवर नॅट लावा, म्हणजे पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून पीसीचा घाला. मग लॅबला सगळी पॅकेट १०.२०.०.१ कडूनच आल्यासारखी दिसतात आणि उत्तरं आपोआप तिथे परत येतात. चालतं, हे खरं. पण लॅबच्या प्रत्येक लॉगमध्ये तुमच्या ऑफिसातला प्रत्येक जण एकाच पत्त्याने दिसतो. काही बिघडलं तर कुणाच्या मशीनवरून बिघडलं ते शोधायला आधी तुमचा पीसी उघडावा लागतो. दोन्ही टोकं आपल्या ओळखीच्या माणसांच्या हातात असताना मी नॅट लावत नाही.

आणि हो, तपासताना पिंगवरच अडून बसू नका. लॅबचं मशीन विंडोजचं असेल तर त्याची फायरवॉल पिंग गिळून टाकत असेल. जी सेवा तिथे खरंच चालू आहे, तिच्याच पोर्टवर जोडून बघा.

मॅडम, ‘नेटस्टॅट मायनस आर’ दिलं की स्क्रीन गोठते, एकेक ओळ मिनिटभराने येते. रूट टेबल खराब झालंय का?
*— रात्रपाळीवाला*

टेबल शाबूत आहे. कमांड प्रत्येक पत्त्याचं नाव डीएनएसला विचारत बसलीय, आणि नेटवर्क बिघडलेलं असल्याने डीएनएस उत्तर देत नाही. ‘मायनस आरएन’ द्या, नावांच्या जागी आकडे येतील आणि लगेच येतील. ट्रेसरूट आणि टीसीपीडम्पलाही हाच ‘एन’ लावा. नेटवर्क दुरुस्त करायला बसलेल्या माणसाने नावांच्या भानगडीत पडूच नये.

रूट टाकला, उत्तम चालला, रीबूटनंतर गेला. मित्राने ‘आरसी डॉट लोकल’मध्ये कमांड लिहायला सांगितली. ती लिहिली, तरी कधीकधी दिवसाच मधेच रूट नाहीसा होतो. मशीन बंदही झालेलं नसतं.
*— एक प्रामाणिक त्रस्त*

कमांडने टाकलेला रूट कर्नलच्या मेमरीत राहतो. फाइलमध्ये तो कुठेच लिहिला जात नाही, म्हणून रीबूटनंतर जातो. मला हे आवडतं. शेवटच्या पत्राच्या उत्तरात कारण सांगते.

आता मधेच जाण्याबद्दल. लिनक्सवर एखादं कार्ड ‘डाउन’ केलं की त्या कार्डावरून जाणारे रूट कर्नल काढून टाकतो. पुन्हा ‘अप’ केलं की थेट जोडलेल्या नेटवर्कचा रूट कर्नल स्वतः परत टाकतो, कारण तो कार्डाच्या पत्त्यावरून निघतो. तुम्ही हाताने टाकलेला मात्र परत येत नाही. ‘आरसी डॉट लोकल’ मशीन सुरू होताना एकदाच चालतं. दुपारी तीन वाजता नेटवर्कमॅनेजरने, म्हणजे कार्डं सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, कार्ड खालीवर केलं तर त्याला पत्ताही लागत नाही. रूट कार्डाच्या सेटिंगमध्येच बांधला पाहिजे, म्हणजे कार्ड वर आलं की तोही येतो.

कुठे लिहायचा ते तुमचं नेटवर्क कोण सांभाळतं यावर आहे. नेटवर्कमॅनेजर असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ला कनेक्शनचं नाव देऊन ‘अधिक आयपीव्हीफोर.रूट्स’ जोडा. पुढे अवतरणात नेटवर्क आणि गेटवे लिहा आणि मग कनेक्शन पुन्हा ‘अप’ करा. ते अधिकचं चिन्ह विसरू नका. त्याशिवाय आधीचे रूट पुसून हा एकटाच राहतो. सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर त्या कार्डाच्या फाइलमध्ये ‘रूट’ नावाचा विभाग, त्यात ‘डेस्टिनेशन’ आणि ‘गेटवे’ या दोन ओळी. नेटप्लॅनमध्ये ‘रूट्स’खाली ‘टू’ आणि ‘व्हाया’. डेबियनच्या जुन्या पद्धतीत ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘अप’ लिहून पुढे तीच कमांड. दोन व्यवस्थापकांना एकच कार्ड देऊ नका. ते एकमेकांचं लिहिलेलं खोडत बसतात आणि त्रास तुम्हाला होतो.

फ्रीबीएसडीवर काम सुटसुटीत आहे. ‘आरसी डॉट कॉन्फ’मध्ये ‘स्टॅटिक_रूट्स’ला एक नाव द्यायचं, समजा ‘लॅब’, आणि पुढच्या ओळीत ‘रूट_लॅब’मध्ये मायनस नेट, नेटवर्क, गेटवे. ओपनबीएसडीवर कार्डाच्या ‘होस्टनेम’ फाइलमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे कमांड. तिथे ‘रूट अ‍ॅड’ लिहा. डिफॉल्ट गेटवे वेगळ्या ‘मायगेट’ फाइलमध्ये राहतो. सोलॅरिसवाल्यांनी ‘रूट’ला ‘मायनस पी’ लावावं, एवढंच.

लिहिताना मास्क गाळू नका. ‘आयपी रूट अ‍ॅड’ला नुसतं १०.२०.०.० दिलं, पुढे /१६ नाही, तर तो एकाच पत्त्याचा, /३२ चा रूट समजतो आणि काही न बोलता टाकून मोकळा होतो. उलट १०.२०.५.७/१६ असं लिहिलं तर चूक दाखवतो, कारण /१६ च्या नेटवर्कमध्ये मागचे आकडे शून्य असायला हवेत. मला चूक दाखवणाऱ्याची भीती वाटत नाही, गप्प बसणाऱ्याची वाटते.

ताई, मी कॉलेजमध्ये शिकते. ओपनव्हीपीएन सुरू केलं की टेबलमध्ये ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन विचित्र रूट येतात. जुना डिफॉल्ट रूट तसाच असतो. मग सगळं ट्रॅफिक व्हीपीएनमधून कसं जातं? मेट्रिक कमी असतो म्हणून का?
*— टेबल बघत बसणारी*

तू टेबल बघत बसतेस हे छान. मेट्रिकचा, म्हणजे रूटच्या पसंतीच्या आकड्याचा (कमी तो आधी), इथे संबंध नाही, आणि ही गल्लत नोकरी करणारेही करतात.

कर्नल पत्ता घेऊन टेबलात जातो तेव्हा त्या पत्त्याला लागू पडणाऱ्या रूटांपैकी सगळ्यात लांब प्रीफिक्सचा (/ पुढचा आकडा सगळ्यात मोठा), म्हणजे सगळ्यात नेमका रूट निवडतो. /२४ हा /१६ ला हरवतो, /१६ हा /८ ला, आणि डिफॉल्ट म्हणजे ०.०.०.०/० हा सगळ्यांकडून हरतो. तो टेबलात कितव्या ओळीत आहे किंवा कुणी आधी टाकला, याला किंमत नाही. मेट्रिक उघडून बघायची वेळ येते ती दोन रूटांचं नेटवर्क आणि मास्क दोन्ही तंतोतंत सारखे असतील तेव्हाच. लॅपटॉपवर केबल आणि वायफाय दोन्ही चालू असताना दोन डिफॉल्ट दिसतात ना? नेटवर्कमॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० मेट्रिक देतो, म्हणून केबल जिंकते. तिथे मेट्रिक.

आता तुझे दोन रूट. ०.०.०.०/१ म्हणजे ०ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपासून १२७पर्यंतचा अर्धा भाग, १२८.०.०.०/१ म्हणजे उरलेला अर्धा. दोन्ही मिळून अख्खं इंटरनेट, आणि दोन्ही /० पेक्षा एका बिटाने नेमके. मूळ डिफॉल्टला हात न लावता त्याला निरुपयोगी केलं. व्हीपीएन बंद झालं की हे दोन काढले, जुना डिफॉल्ट जागेवर असतोच. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

टेबलात आणखी एक रूट शोध: व्हीपीएन सर्व्हरचा स्वतःचा पत्ता, /३२, जुन्या गेटवेकडे जाणारा. तो नसता तर व्हीपीएनच्या बोगद्याची पॅकेटही त्याच बोगद्यात शिरली असती.

मात्र सगळी व्हीपीएन असं करत नाहीत. वायरगार्डचं ‘डब्ल्यूजी-क्विक’ सगळं ट्रॅफिक वळवताना रूट दुसऱ्याच टेबलात ठेवतं आणि ‘आयपी रूल’मध्ये नियम घालतं. ‘आयपी रूट शो’ फक्त मुख्य टेबल दाखवतं, त्यामुळे तिथे काहीच बदललेलं दिसत नाही. ‘आयपी रूट गेट’ नियमांसकट विचार करतं. वरच्या पत्रात मी त्याच्या मागे का लागले, ते कळलं असेल.

कंपनीच्या व्हीपीएनमधून १७२.१७.४०.९ वरचा सर्व्हर सगळ्यांना उघडतो, फक्त माझ्या लॅपटॉपवरून नाही. १७२.२० वाले सगळे चालतात. व्हीपीएनचा रूट १७२.१६.०.०/१२ असा आहे, तो माझ्याकडेही दिसतो.
*— एकटाच वंचित*

तुमच्या लॅपटॉपवर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, पैज लावते. तो आपल्या अंतर्गत पुलासाठी (ब्रिज नेटवर्कसाठी) न सांगता १७२.१७.०.०/१६ घेतो. वरच्या मुलीला सांगितलं तेच: /१६ ने /१२ ला हरवलं, आणि तुमची पॅकेट लॅपटॉपच्या आतच फिरतायत. ताबडतोब हवं असेल तर १७२.१७.४०.०/२४ साठी व्हीपीएनच्या कार्डाकडे रूट टाका. तो /१६ पेक्षा नेमका. कायमचं हवं असेल तर डॉकरच्या ‘डीमन डॉट जेसन’मध्ये ‘बीआयपी’ बदलून पट्टी हलवा. ‘डीफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स’ही बदला, नाहीतर पुढचं नेटवर्क १७२.१८ वर बसेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

दूरच्या सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.१.२ करायचाय. हातात फक्त एसएसएच, म्हणजे दुरून केलेलं लॉगिन. तिथे कुणी माणूस नाही. फार भीती वाटते.
*— हात थरथरणारा*

वाटू द्या. भीती वाटणाऱ्याच्या हातूनच हे काम नीट होतं.

पहिलं म्हणजे ‘डिलीट’ आणि मग ‘अ‍ॅड’ असं करू नका. या दोन कमांडच्या मधे सर्व्हरला डिफॉल्ट नसतो, आणि तुम्ही दुसऱ्या नेटवर्कवरून आला असाल तर दुसरी कमांड टाइप करायला तुम्ही उरत नाही. ‘आयपी रूट रिप्लेस डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.२’ एका झटक्यात अदलाबदल करते. जुन्या रूटला मेट्रिक असेल तर तोच मेट्रिक इथेही द्या, नाहीतर जुना तसाच राहून शेजारी दुसरा डिफॉल्ट उभा राहतो.

दुसरं, स्वतःची वाट आधी पक्की करा. तुम्ही ज्या पत्त्यावरून आलात त्याचा /३२ रूट जुन्या गेटवेकडे टाका. आता डिफॉल्ट कुठेही गेला तरी तुमचं सेशन जुन्याच वाटेने चालू राहतं आणि नव्या गेटवेची परीक्षा शांतपणे घेता येते. तुमचा पत्ता नॅटमागचा असेल तर सर्व्हरला दिसतो तो घ्या. ‘हू’ दिलं की कळेल.

तिसरं, परतीची सोय. बदल करण्याआधी ‘अ‍ॅट’ कमांडला सांगून ठेवा, की पाच मिनिटांनी डिफॉल्ट पुन्हा १९२.१६८.१.१ वर ‘रिप्लेस’ कर. ‘अ‍ॅट’ची सेवा तिथे चालू आहे ना, ते आधी बघा. ती नसेल तर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी चालू राहणारं टर्मिनल) तीनशे सेकंद झोपून मग तीच कमांड देणारी ओळ चालवा. बदल फसला, स्क्रीन गोठली, तर खिडकी बंद करू नका. टीसीपी जोडणी लगेच मरत नाही. लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर पंधरा मिनिटांच्या आसपास पुन्हापुन्हा पाठवत राहतो. पाच मिनिटांनी जुना रूट परत आला की तुमचं तेच सेशन बहुतेक वेळा जिवंत होतं.

त्याहून जाड दोरखंड हवा असेल तर ‘शटडाउन मायनस आर अधिक १०’. सगळं जमलं तर लिनक्सवर ‘शटडाउन मायनस सी’ने रद्द करा. नाही जमलं तर दहा मिनिटांनी मशीन रीबूट होईल आणि तुमचा प्रयोग विसरून जुन्या सेटिंगने उठेल. रूट मेमरीतच राहतो ते मला आवडतं असं मघाशी म्हटलं, ते यासाठी. मात्र हे चालू सेवा असलेल्या सर्व्हरवर विचारून करा, आणि तोवर फाइलला हात लावू नका.

नेटप्लॅन असेल तर फाइल बदलल्यावर ‘अप्लाय’ न देता ‘नेटप्लॅन ट्राय’ द्या. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर तो स्वतः जुनं सेटिंग परत आणतो.

सगळं नीट चाललं की ‘अ‍ॅटक्यू’ने ठरवून ठेवलेली उलटी कमांड शोधा आणि ‘अ‍ॅटआरएम’ने काढा, स्वतःसाठी टाकलेला तो /३२ रूट काढा, एसएसएचने दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येऊन बघा, आणि मगच गेटवे फाइलमध्ये लिहा.